उजनीच्या पाण्यात बेट कशाला म्हणायचे? एक प्रकरण अभ्यास

२०२४ च्या जूनमध्ये उजनी धरणाचा साठा उणे ६० टक्क्यांच्या जवळ पोचला होता. ऑगस्टमध्ये तेच धरण शंभर टक्के भरले. या काळात जलाशयातली कितीतरी टेकाडे आधी काठाची जमीन होती, मग चहूबाजूंनी पाण्याने वेढली गेली आणि त्यांतली पुष्कळशी शेवटी बुडाली. जलाशयाच्या नकाशावर बेटे दाखवायची आणि त्यांची यादी जोडायची असेल, तर यांपैकी कोणती घ्यायची? जूनमध्ये, जुलैत आणि सप्टेंबरमध्ये मोजणाऱ्या तिघांचे आकडे तीन निघतील आणि तिघांचीही मोजणी बरोबर असेल. चूक मोजणीत नसते. मोजणीआधी पाण्याची पातळी ठरवली नाही, तिथे ती असते.

हा घोळ इथे एवढा का होतो, ते धरणाच्या आकड्यांतच दिसते. उजनीची, म्हणजे यशवंतसागराची, पूर्ण संचय पातळी समुद्रसपाटीपासून ४९६.८३ मीटर आहे. मृत साठ्याची, म्हणजे धरणातून एरवी सोडता न येणाऱ्या पाण्याची, पातळी ४९१.०३ मीटर. दोन्हींतले अंतर ५.८० मीटर, साधारण दुमजली घराच्या उंचीइतके. एकूण साठा ११७.२३ टीएमसी (अब्ज घनफूट), त्यांतला उपयुक्त ५३.५७ आणि मृत ६३.६६. साठा ‘उणे’ होतो म्हणजे पाणी ४९१.०३ च्या खाली जाते आणि मृत साठ्यातून उपसा चालू राहतो. उणे ६० टक्के म्हणजे उपयुक्त साठ्याच्या साठ टक्क्यांइतके, ३२ टीएमसी, पाणी मृत साठ्यातून संपलेले आणि धरणात फक्त साडेएकतीस टीएमसी उरलेले.

पूर्ण भरल्यावर जलाशयाचा विस्तार सुमारे ३३७ चौरस किलोमीटर होतो. उपयुक्त साठा १५१.७ कोटी घनमीटर, त्याला ५.८० ने भागले तर या उंचीच्या पट्ट्यातले सरासरी क्षेत्र सुमारे २६१ चौरस किलोमीटर येते. क्षेत्र एकसारखे घटत जाते असे धरले, तर मृत साठ्याच्या पातळीला ते १८५ च्या आसपास उतरते. म्हणजे उपयुक्त साठा संपेपर्यंत दीडशे चौरस किलोमीटर जमीन उघडी पडते. हा ढोबळ हिशेब आहे, पण प्रमाण कळायला पुरेसा आहे. जिथे शंभर मीटरला एक मीटर असा उतार आहे, तिथे काठ ५८० मीटर मागे सरकतो. सह्याद्रीतल्या कोयनेसारख्या खोल दरीत पाणी कितीतरी जास्त उतरूनही काठ फारसा सरकत नाही. भीमेचे खोरे उथळ आणि पसरट असल्याने बेटांचा प्रश्न इथेच अवघड होतो.

‘बेट’ हा शब्द आपल्याकडे सैल वापरला जातो, हेही लक्षात घ्यायला हवे. बांबूचेही बेट असते. गोदावरीच्या वळणातला कोपरगावचा भागही बेट म्हणूनच ओळखला जातो. कोकणात खाडीतल्या बेटाला जुवा म्हणतात, गोव्यात तर जुवें हे गावाचेच नाव आहे. बोलण्यात हा सैलपणा शोभतो. नकाशात एका शब्दाला एकच अर्थ लागतो.

तयार निकष जगात आहेत, पण ते जसेच्या तसे इथे चालत नाहीत. अमेरिका आणि कॅनडाच्या सीमेवर सेंट लॉरेन्स नदीत ‘हजार बेटे’ आहेत. त्यांची प्रचलित मोजणी अठराशेच्या वर जाते. तिथला रूढ नियम असा, की जमीन वर्षभर पाण्यावर हवी आणि तिच्यावर जिवंत झाड हवे. झाडाची अट उजनीत फसते. बाभूळ महिनोन्‌महिने पाण्यात उभी राहते. पाण्यातून वर आलेला बाभळीचा शेंडा पाहून खाली जमीन कोरडी आहे, असे म्हणताच येत नाही. उलट उघडा मुरूम किंवा काळा पाषाण असलेला उंचवटा कधीच बुडत नसेल आणि त्यावर एकही झाड नसेल, तर तो केवळ झाडाअभावी वगळणे अन्यायाचे होईल.

जास्त उपयोगी ठरतो तो संयुक्त राष्ट्रांचा १९८२ चा सागरी कायदा करार. तो समुद्रापुरता आहे, तळ्यांना लागू नाही, पण त्यातली विचाराची रीत नेमकी आहे. त्याच्या १२१ व्या कलमाप्रमाणे बेट म्हणजे नैसर्गिकरीत्या तयार झालेली, पाण्याने वेढलेली आणि भरतीच्या वेळीही पाण्यावर राहणारी जमीन. १३ व्या कलमात ओहोटीला दिसणाऱ्या आणि भरतीला बुडणाऱ्या उंचवट्याला वेगळे नाव आहे. तो बेट नव्हे. उजनीत भरती-ओहोटी रोजची नाही, वर्षाची आहे. पावसाळ्याच्या अखेरीस भरती आणि मे-जूनमध्ये ओहोटी. एवढा बदल केला की करारातली विभागणी इथे बसते.

मात्र ‘भरती’ म्हणजे यंदाचे पाणी असे धरायचे नाही. २०२३ च्या पावसाळ्यात धरण भरलेच नाही. त्या वर्षीच्या सर्वोच्च पाण्यावर मोजले असते, तर एरवी बुडणारी टेकाडे बेटांच्या यादीत येऊन बसली असती आणि पुढच्याच वर्षी ती यादी खोटी ठरली असती. म्हणून वेढा तपासायची पातळी ४९६.८३ हीच. दुसरी अडचण वरच्या बाजूने येते. चांगल्या पावसात उजनीत ११० ते १११ टक्क्यांपर्यंत पाणी साठवले जाते, तेव्हा पातळी पूर्ण संचयापेक्षा अर्धा मीटर वर, ४९७.३३ पर्यंत जाते. जिचा माथा ४९७.१० आहे ती जमीन कागदावर पूर्ण संचयाच्या वर आहे, पण अशा वर्षी २३ सेंटिमीटर पाण्याखाली असते. म्हणून माथा तपासायचा तो ४९७.३३ ला. वेढ्यासाठी एक पातळी आणि बुडण्यासाठी दुसरी हे आधी विचित्र वाटते. पण एकच पातळी ठेवली की काठावरची वीस-तीस सेंटिमीटरची टेकाडे दर दोन वर्षांनी यादीत आत-बाहेर करत राहतात.

माथा आणि मान

प्रत्येक टेकाडाच्या दोन उंची काढायच्या. पहिली माथ्याची. दुसरी त्याला काठाशी जोडणाऱ्या जमिनीतल्या सर्वांत सखल जागेची. तिला इथे ‘मान’ म्हटले आहे. पाणी मानेच्या वर आणि माथ्याच्या खाली असते तेवढाच काळ ते टेकाड बेट असते. मानेच्या खाली पाणी गेले की ते काठाचाच भाग, माथ्यावर गेले की नुसता बुडालेला उंचवटा.

मान काढताना एक चूक हमखास होते. टेकाडापासून जवळच्या काठापर्यंत सरळ रेघ ओढतात आणि तिच्यावरचा सखल बिंदू मान समजतात. काठाकडे जाणाऱ्या सगळ्या वाटा पाहायला हव्यात, वळणाच्या आणि दुसऱ्या टेकाडावरून जाणाऱ्यासुद्धा. त्यांतली जी वाट सर्वांत कमी खाली उतरते, तिच्यावरचा सखल बिंदू म्हणजे खरी मान. जवळचा काठ दोनशे मीटरवर आहे आणि मध्ये जुन्या ओढ्याची खोल घळ आहे, पण मागच्या अंगाने आठशे मीटरचा उंच बांध काठापर्यंत गेला आहे, असे ओढ्यांच्या संगमांपाशी नेहमी दिसते. तिथे सरळ रेघ द्वीपकल्पाला बेट ठरवते.

मान पाण्याखाली किती असावी? चार बोटे पाणी असलेली मान तीन-चार दिवसांत उघडी पडते. पूर्ण भरलेल्या धरणातून एक टीएमसी पाणी गेले की पातळी साधारण ८ सेंटिमीटर उतरते. मृत साठ्याजवळ क्षेत्र आक्रसलेले असल्याने तेवढ्याच पाण्याला १५ सेंटिमीटर. आठ महिन्यांत ५.८० मीटर धरले तर सरासरी उतार दिवसाला २.४ सेंटिमीटर पडतो. या गतीने एक मीटर पाणी ओसरायला सहा आठवडे लागतात आणि वरच्या थरात त्याहून थोडे जास्त. म्हणून मान ४९५.८३ किंवा त्याखाली असावी, असा निकष ठरवला. एक मीटर ही निवड आहे, निसर्गाचा नियम नव्हे. अर्धा मीटर घेतला तरी पद्धत तीच राहते, मात्र यादी लांबते आणि तिच्यात दिवाळीनंतर लगेच काठाला चिकटणारी टेकाडे शिरतात.

उदाहरणादाखल तीन टेकाडे धरू. पहिल्याचा माथा ४९८.४० आणि मान ४९५.२० आहे. ते बेट. दुसऱ्याचा माथा ४९७.१०, मान ४९३. ते अतिरिक्त साठ्यात बुडते, म्हणून बेटांच्या यादीत नाही. तिसऱ्याचा माथा ४९९ म्हणजे तिघांत सर्वांत उंच, पण मान ४९६.५०. पूर्ण भरलेल्या धरणातही तिच्यावर फक्त ३३ सेंटिमीटर पाणी असते, गुडघ्याच्याही खाली. गुरे सहज चालत जातात. हे द्वीपकल्प. उंची पाहून ‘हे तर नक्कीच बेट’ असे ज्याच्याबद्दल वाटते, तेच बऱ्याचदा असे गळते.

उंची मिळवायची कशी

भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० च्या नकाशांत (हा भाग ४७ जे आणि ४७ एन या पत्रकांत येतो) समोच्च रेषा सामान्यतः २० मीटरच्या अंतराने असतात. आपला सगळा प्रश्न ५.८० मीटरमधला, म्हणजे दोन रेषांच्या मध्ये हरवणारा. फेब्रुवारी २००० मध्ये अवकाशयानातून रडारने घेतलेली उंचीची माहिती सगळीकडे सहज मिळते, पण रडार पाण्याच्या आत पाहत नाही. त्या दिवशी जिथे पाणी होते तिथे सपाट पृष्ठभाग नोंदला गेला. शिवाय तिच्यातली चूक काही मीटरची असते. सेंटिमीटरचा निवाडा तिच्यावर करू नये.

उपाय जलाशयच पुरवतो. उतरते पाणी हीच मोजपट्टी आहे. धरणाची पातळी रोज नोंदली जाते आणि जाहीर होते. एखाद्या दिवशीच्या उपग्रह प्रतिमेतली पाण्याची कड म्हणजे त्या दिवशीच्या पातळीची समोच्च रेषाच. सेंटिनेल-२ चे दोन उपग्रह मिळून दर पाच दिवसांनी फेरी करतात. पाच दिवसांत पाणी सरासरी १२ सेंटिमीटर उतरते. नोव्हेंबर ते मे या स्वच्छ आकाशाच्या काळातल्या प्रतिमा एकावर एक ठेवल्या, की उघड्या पडणाऱ्या सगळ्या जमिनीचा दहा-बारा सेंटिमीटरच्या पायऱ्यांचा नकाशा हाती येतो. टेकाड ज्या प्रतिमेत पहिल्यांदा काठाला जोडलेले दिसते, ती आणि तिच्या आधीची यांच्या मध्ये मान. माथा पूर्ण संचयाच्या वर असेल, तर तो मात्र जागेवर जाऊन लेव्हल यंत्राने किंवा उपग्रहांच्या संकेतांवरून उंची काढणाऱ्या अचूक जीएनएसएस यंत्राने मोजावा लागतो.

पावसाळ्यातल्या प्रतिमा या कामाला घेऊ नयेत. ढग हे उघड कारण. दुसरे कारण पटकन लक्षात येत नाही. भीमेला पूर असताना जलाशयाचा पृष्ठभाग सपाट नसतो. दौंडकडच्या अंगाला पाणी धरणाजवळच्या पातळीपेक्षा चढे असते. पातळी नोंदली जाते धरणाशी, आणि ती वरच्या अंगाच्या कडेला लावली तर तिथली सगळी टेकाडे खरीपेक्षा ठेंगणी निघतात.

सेंटिनेल-२ च्या प्रतिमेतला एक चौकोन (पिक्सेल) दहा मीटर बाय दहा मीटरचा, म्हणजे १०० चौरस मीटर. आपला गुंठा १०१ चौरस मीटरचा. एक चौकोन म्हणजे जवळजवळ एक गुंठा, ही सोय इथे फार कामाला येते, कारण गावात विचारताना ‘किती चौरस मीटर’ म्हटले तर कोणी उत्तर देत नाही आणि गुंठ्यांत विचारले की अचूक सांगतात. कडेचे चौकोन अर्धे पाणी, अर्धी जमीन असतात, म्हणून दोन-चार चौकोनांच्या ठिपक्यावर विश्वास ठेवता येत नाही. किमान क्षेत्र २० गुंठे धरावे. चौरस कल्पिला तर बाजू ४५ मीटरची, आणि १:२५,००० च्या नकाशावर तो पावणेदोन मिलिमीटरचा दिसतो. १:५०,००० वर तो टिंबच होईल. २० गुंठ्यांहून लहान पण बाकी सगळ्या अटी पाळणारी जमीन वगळू नये. तिची नोंद ‘खडक’ म्हणून वेगळी करावी, कारण होडीच्या तळाला लागते ती तीच.

पाणी आणि जमीन वेगळी करायला हिरव्या आणि निकट-अवरक्त (डोळ्यांना न दिसणाऱ्या) प्रकाशाच्या पट्ट्यांतला फरक त्यांच्या बेरजेने भागतात. उत्तर शून्याच्या वर आले की पाणी. पुस्तकातला हा नियम उजनीत दोन ठिकाणी फसतो. पुण्याकडून येणाऱ्या सांडपाण्याच्या पोषणावर इथे शेवाळ माजते, आणि हिरवीगार साय धरलेले पाणी निकट-अवरक्त प्रकाश जमिनीसारखा परतवते. दुसरी अडचण जलपर्णीची. तिचा दाट तवंग प्रकाशाच्या प्रतिमेत शेत वाटतो आणि रडारच्या प्रतिमेतही जमिनीसारखा उजळ दिसतो, म्हणून रडारकडे वळूनही सुटका होत नाही. पाच दिवसांच्या अंतराच्या तीन प्रतिमा शेजारी ठेवाव्यात. जलपर्णी वाऱ्याबरोबर सरकते, आकार बदलते. जमीन जागची हलत नाही. शेवाळासाठी लघुतरंग-अवरक्त पट्टा वापरावा. त्याचा चौकोन वीस मीटरचा असल्याने कड भरड येते, पण निवाडा बरोबर येतो.

आणखी एक बारीक गोष्ट. जमिनीचे दोन चौकोन फक्त कोपऱ्याला टेकले असतील तर ते जोडलेले समजायचे की सुटे? संगणकात हे आधीच ठरवून द्यावे लागते, आणि बेफिकिरीने ठेवलेल्या या एका खुणेने यादी बदलते. इथे जोडलेले समजावे, आणि बेट ठरायला मध्ये किमान दोन चौकोन, म्हणजे वीस मीटर, सलग पाणी असावे.

अडचणीच्या जागा

काठाकडचे पाणी मागे हटले की शेतकरी मोटारींपर्यंत पाणी आणायला चर खोदतात. असा चर मानेतून गेला तर पलीकडचे टेकाड पाण्याने वेगळे होते, तरी ते बेट नव्हे. मान मोजायची ती मूळ जमिनीची. कोणी विचारील, की सगळा जलाशयच माणसाने केला, मग चराने काय बिघडवले? पाणी माणसाने अडवले हे खरे, पण टेकाड आणि मान भीमेने आणि ओढ्यांनी घडवली आहेत. करारातली ‘नैसर्गिक’ ही अट जमिनीला आहे, पाण्याला नाही.

पुलाने बेटपण जात नाही, कारण खालून पाणी वाहते. माती-दगडाचा भराव टाकला आणि तो पूर्ण संचयाच्या वर राहिला तर मात्र जाते. कुत्री, कोल्हे, माणसे, वाहने सगळी कोरड्या पायांनी जातात. मुंबईची सात बेटे भरावानेच एक झाली. इथे ‘नैसर्गिक’ची अट उलटी वापरली असे वाटेल. पण चर गाळाने बुजतो, भराव पिढ्यान्‌पिढ्या राहतो. हा भेद टिकाऊपणाचा आहे आणि तो निकषात उघडपणे लिहून ठेवावा. डिकसळच्या ब्रिटिशकालीन रेल्वेपुलाचे खांब, पाणी उपसण्याच्या जॅकवेल, बुडालेल्या वाड्यांच्या भिंती पाण्यावर कितीही दिसल्या तरी ती बांधकामे आहेत, बेटांच्या यादीत त्यांना जागा नाही.

मणिपूरच्या लोकटाक सरोवरातले फुमदी, म्हणजे वनस्पती, मुळे आणि माती यांचे तरंगते थर, दोन मीटरपर्यंत जाड असतात. केइबुल लामजाओ राष्ट्रीय उद्यान त्यांच्यावरच उभे आहे आणि संगाई हरणे तिथे राहतात. तिथे तरंगते म्हणून वगळणे हट्टाचे ठरेल. उजनीच्या जलपर्णीला ती सूट मिळत नाही, कारण ती माणसाचा काय, कुत्र्याचाही भार पेलत नाही.

सर्वांत जिव्हाळ्याचा प्रश्न गाळपेराच्या टेकाडांचा आणि उन्हाळी बेटांचा आहे. पाणी ओसरल्यावर उघडी पडणारी बुडीत जमीन पेरली जाते, ते गाळपेर. यांतली काही टेकाडे फेब्रुवारी ते मे पाण्याने वेढलेली राहतात आणि पावसाळ्यात बुडतात. वरच्या निकषाने ती बेटे नाहीत. पण नदी सुरय आणि आर्ली हे पक्षी उघड्या जमिनीवर घरटी करतात ते याच महिन्यांत, आणि अशाच पाण्याने वेढलेल्या उघड्या टेकाडांवर. भोवती पाणी आहे तोवर कुत्री आणि कोल्हे अंड्यांपर्यंत पोचत नाहीत. मान उघडी पडली की एका रात्रीत वसाहत उद्ध्वस्त होऊ शकते. जी यादी ही टेकाडे गाळून थांबते, ती नकाशाला चालेल, पण जलाशयाला न्याय देत नाही. म्हणून दुसरी यादी करणे भाग आहे, ‘उन्हाळी बेटे’ या नावाने. तिच्यात क्षेत्रापेक्षा दोन पातळ्या महत्त्वाच्या, माथ्याची आणि मानेची. समजा मान ४९२.४० ला आहे आणि एप्रिलच्या मध्यात पातळी ४९२.९० आहे. दिवसाला अडीच सेंटिमीटरच्या उताराने वीस दिवस हातात आहेत. अंडी उबायला साधारण तीन आठवडे लागतात आणि पिल्लांना उडता यायला त्यानंतर आणखी काही आठवडे. त्या टेकाडावर राखण कधीपासून ठेवायची, हे या एका वजाबाकीतून कळते.

मान कायमची स्थिर राहत नाही. गाळ तिच्यावर साठतो आणि ती वर येते. माती-वाळूचा उपसा झाला की खाली जाते. दर पाच वर्षांनी, आणि जलाशय मृत साठ्याच्या खाली गेलेल्या कोणत्याही वर्षी, माना पुन्हा मोजाव्यात. २०२४ सारखा कोरडा उन्हाळा इतरांना संकट असतो, पण ४९१ च्या खालच्या माना त्याच वर्षी पाहायला मिळतात.

पळसदेव

ज्या जागेबद्दल सर्वांत जास्त वाद होतो ती इंदापूर तालुक्यातल्या जुन्या पळसदेवची. धरण भरले की पळसनाथाचे देऊळ पाण्यात जाते. पाणी उतरू लागले की आधी शिखर वर येते, मग बाकीचे देऊळ, आणि कडक उन्हाळ्यात भोवतीच्या गावाचे अवशेषही. पाण्यातून वर आलेले शिखर बेट नव्हे. ते बांधकाम आहे. देवळाखालची जमीन ४९७.३३ ला पाण्याखाली असते, म्हणून पहिल्या यादीतही ती बसत नाही. ती उघडी पडल्यावर तिथे होडीनेच जावे लागत असेल तेवढे दिवस उन्हाळी बेट, पायी जाता येऊ लागले की काठ. नकाशावर तिथे बेटाची कड ओढायची नाही. देवळाची खूण करायची, ‘बुडीत’ असे लिहायचे आणि खाली जोत्याची व मानेची पातळी मीटरमध्ये द्यायची.